विशाखापट्टणम-अराकूची सहल आखताना आधी पहाटा मोजा

विशाखापट्टणमला जायचं ठरलं की बहुतेक जण 'तीन रात्री, चार दिवस' असा हिशोब मांडतात आणि मग ठिकाणांची यादी त्यात कोंबायला लागतात. या शहरात तो हिशोब फसतो. एका बाजूला बंगालचा उपसागर, दुसऱ्या बाजूला पूर्व घाट, आणि दोघांचीही खरी वेळ एकच: पहाटेपासून सकाळी नऊपर्यंतची. सूर्य समुद्रातून वर येतो तेव्हाच, मासळी बंदरात लिलाव चालतो तेव्हाच, घाटावरच्या अराकू खोऱ्यात जाणारी रेल्वेगाडी सातच्या आत सुटते आणि डोंगरावरून दिसणारा ढगांचा समुद्रही आठ-साडेआठला विरायला लागतो. समुद्र आणि बंदर एका पहाटे जमतं, बाकीच्यांतलं एकच काही होतं. म्हणून आपल्या हाताशी किती पहाटा आहेत ते आधी मोजायचं आणि त्या कशावर खर्च करायच्या ते ठरवायचं. दुपार-संध्याकाळचं मग जुळवून घेता येतं.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी घड्याळाची सवयही बदलायला हवी. हे शहर मुंबईच्या पूर्वेला जवळपास साडेदहा अंश रेखांशांवर आहे, त्यामुळे सगळं सुमारे ४० मिनिटं आधी घडतं. डिसेंबरात सूर्य सव्वासहा-साडेसहाला उगवतो आणि साडेपाचच्या आसपास मावळतो. संध्याकाळी सहाला घाटात अंधार असतो. 'पाचला निघू आणि वाटेत व्ह्यू पॉइंट बघू' हा बेत हिवाळ्यात हमखास बुडतो. कोकणच्या किनाऱ्याची सवय असलेल्यांना आणखी एक फरक जाणवेल. इथे समुद्र पूर्वेला आहे, त्यामुळे सूर्य पाण्यात नाही, डोंगरामागे मावळतो. पण त्याचा फायदाही आहे: दुपारी तीननंतर ऊन पाठीशी येतं, समुद्राचा निळा रंग खुलतो आणि किनाऱ्यालगतच्या टेकड्या उजळतात. सकाळी आठनंतर मात्र समुद्राकडे बघताना डोळे दिपतात. किनाऱ्याने लांब फिरायचं असेल तर ते दुपारनंतरच ठेवावं.

कधी जावं

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पहिला भाग हिरवागार असतो, पण बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही तोच मोसम. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद याच शहरावर आदळलं होतं. ऑक्टोबरात जायचंच असेल तर रद्द केल्यावर पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा आणि निघायच्या चार-पाच दिवस आधीपासून हवामान खात्याची चक्रीवादळाची पत्रकं बघत राहा. वादळ शहरापासून लांब, ओडिशाकडे गेलं तरी त्याचा पाऊस घाटात पडतो, दरडी येतात आणि अराकूची गाडी रद्द होते. शहरात ऊन आणि घाट बंद, असंही होऊ शकतं.

नोव्हेंबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत अराकू खोऱ्यात कारळा फुललेला असतो. आपण ज्याची चटणी करतो तोच कारळा, तिथे मात्र डोंगरउतारावर पिवळ्या पट्ट्यांनी पसरलेला. लोक त्यासाठी मुद्दाम जातात, आणि खरंच जावं. फक्त शेतात शिरून फोटो काढू नयेत. ते आदिवासी शेतकऱ्याचं उभं पीक आहे, आणि तुडवलेलं रोप पुन्हा उभं राहत नाही.

टाळायच्या तारखा लक्षात ठेवा. संक्रांतीच्या आठवड्यात, १२ ते १७ जानेवारीच्या आसपास, अख्खा आंध्र गावी निघालेला असतो. गाड्या आणि बसगाड्या भरलेल्या असतात. कार्तिकातल्या रविवारी वनभोजनाची गर्दी घाटापर्यंत पोचते. डिसेंबरातले शनिवार-रविवार आणि नाताळचा आठवडा अराकूत खोली मिळणं कठीण आणि घाटात वाहनांची रांग. आषाढी पौर्णिमेच्या सुमारास सिंहाचलम या नरसिंहाच्या टेकडीभोवतीची ३२ किलोमीटरची गिरिप्रदक्षिणा असते, तेव्हा शहरातले मोठे रस्तेच चालणाऱ्यांनी भरतात. शक्य असेल तर अराकूचा मुक्काम मंगळवार ते गुरुवारमध्ये बसवा.

पोचणं

मुंबई-पुणे-सोलापूरकरांना कोणार्क एक्सप्रेस सोयीची. दुपारी मुंबईहून निघून ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचवते, म्हणजे पहिली पहाट शहरातच मिळते. लोकमान्य टिळक टर्मिनसहून लातूर-उदगीर मार्गाने जाणारी गाडीही आहे. मराठवाड्यातल्यांसाठी ती जास्त जवळची. विदर्भातून समता एक्सप्रेस नागपूर, गोंदिया, रायपूरवरून रायगडा मार्गे उतरते, पण ती रोज नाही, वार बघून घ्यावा. विमानाने जाणाऱ्यांनी तिकिटावरचा विमानतळ नीट वाचावा. शहरातला विमानतळ नौदलाच्या धावपट्टीवर आहे. नवा भोगापुरमला होत आलेला आहे आणि तो शहरापासून चाळीसेक किलोमीटर उत्तरेला आहे. भोगापुरमला उतरणार असाल तर उत्तरेच्या किनाऱ्यावरचं, ऋषिकोंडा किंवा भीमिलीकडचं हॉटेल सोयीचं पडेल. जुन्या विमानतळाला ते उलट्या टोकाला आहे.

अराकूची गाडी

सहलीची तारीख या गाडीवरून ठरवावी, असं मी ठामपणे सांगेन. विशाखापट्टणम-किरंदुल पॅसेंजरला काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा असतो. एका डब्यात ४४ खुर्च्या. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, आणि हिवाळ्यातल्या सुट्टीच्या दिवसांच्या व्हिस्टाडोमच्या जागा फार लवकर संपतात. तेव्हा क्रम असा: आधी व्हिस्टाडोमचं तिकीट, त्या तारखेला धरून अराकूतली खोली, आणि सर्वांत शेवटी मुंबई-पुण्याहून येण्या-जाण्याचं. उलट क्रमाने गेलं की विमान पक्कं असतं आणि अराकूची गाडी वेटिंगवर.

व्हिस्टाडोम नाही मिळाला तर निराश व्हायचं कारण नाही. साध्या डब्याच्या उघड्या खिडकीतून घाटाचा वास, बोगद्यातला गारवा आणि प्रत्येक स्टेशनवरचे पेरू-सीताफळवाले मिळतात, ते बंद काचेच्या वातानुकूलित डब्यात मिळत नाहीत. छोट्या प्रवासासाठी मला साधा आरक्षित डबाच जास्त आवडतो. मुलं आणि वयस्कर मंडळी बरोबर असतील तर व्हिस्टाडोम.

हा मार्ग मुळात प्रवाशांसाठी बांधलेलाच नाही. छत्तीसगडमधल्या बैलाडिलाच्या खाणीतलं लोहखनिज विशाखापट्टणम बंदरात आणून जपानला पाठवायचं, यासाठी १९६० च्या दशकात कोत्तवलसा-किरंदुल मार्ग टाकला गेला. आजही खनिजाच्या मालगाड्या त्यावर सतत धावतात आणि पॅसेंजरला त्यांच्यासाठी थांबावं लागतं. वेळापत्रकात अराकू साधारण अकराला असलं तरी तास-दीड तास उशीर धरूनच पुढचं ठरवावं. अकराला गाडी, साडेअकराला टॅक्सी आणि संध्याकाळचं परतीचं विमान, असा बेत कुणी करू नये.

पहिला तासभर सपाटीचा असतो, त्यात डुलकी काढली तरी चालेल. शृंगवरपुकोटा गेलं की जागं व्हायचं. शिवलिंगपुरमपासून चढ सुरू होतो, मग ताइडा, चिमिडिपल्ली, बोर्रा गुहालु, करकवलसा. या मार्गावर ५८ बोगदे आहेत. बोगदा संपला की दरी एकदम उघडते, आणि डोळे उजेडाला सरावेपर्यंत पुढचा बोगदा येतो. म्हणून मोबाइल सारखा वर करण्यापेक्षा दोन लांब वळणं निवडून तेवढीच टिपावीत, बाकीची नुसती बघावीत. अराकूच्या आधी शिमिलिगुडा लागतं, उंची ९९६ मीटर. ब्रॉडगेजवरचं सर्वांत उंच स्टेशन म्हणून त्याची पाटी बराच काळ प्रसिद्ध होती. तिथून गाडी थोडी उतरून अराकूत येते.

येताना गाडीने येऊ नये, असं माझं मत आहे. परतीची गाडी अराकूहून दुपारी चारच्या सुमाराला निघते. तिला थोडा उशीर झाला तरी हिवाळ्यात निम्मा घाट अंधारात जातो आणि शहरात पोचायला रात्रीचे नऊ वाजतात. शिवाय गालिकोंडाचा व्ह्यू पॉइंट, अनंतगिरीचे कॉफीमळे आणि बोर्राच्या गुहा रस्त्याच्या बाजूला आहेत. जाताना रेल्वे, येताना रस्ता, हेच बरोबर. अराकू ते विशाखापट्टणम सुमारे ११५ किलोमीटर, न थांबता साडेतीन तास. सगळीकडे थांबत यायचं तर सकाळी नऊला अराकू सोडावं. परतीची टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवा, आणि ठरवताना 'बोर्रा, गालिकोंडा, कॉफीमळा धरून विशाखापट्टणमच्या हॉटेलपर्यंत' असं पूर्ण बोलून घ्या. नुसतं 'विशाखापट्टणम सोडा' म्हटलं की प्रत्येक थांब्यावर नव्याने घासाघीस होते.

सामानाचा प्रश्न यातूनच उभा राहतो. अराकूला एका रात्रीसाठी मोठ्या बॅगा नेऊ नका. शहरातलं हॉटेल परत तिथेच येणाऱ्यांचं सामान बहुधा ठेवून घेतं. नाहीतर स्टेशनवर क्लोकरूम आहे, पण बॅगेला कुलूप असल्याशिवाय ते घेत नाहीत आणि रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं. कुलूप घरूनच न्यावं.

बोर्रा आणि ढगांचा समुद्र

बोर्राच्या चुनखडीच्या गुहा साधारण दहा ते पाच उघड्या असतात. तोंड प्रचंड मोठं आहे, त्यामुळे गुदमरल्यासारखं होत नाही, पण आत पायऱ्या भरपूर आणि बऱ्याच ठिकाणी ओल्या. वरून झिरपणाऱ्या पाण्यातला चुना थेंबाथेंबाने साचून हे लोंबते आणि उभे खांब तयार झालेत. तेच पाणी पायरीवर पडतं आणि तिथे पाय घसरतो. चपला किंवा गुळगुळीत तळाचे बूट नकोत. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी पहिल्या मोठ्या दालनापर्यंत जाऊन परत फिरावं; गुहेचा आवाका तिथेच कळतो. खांबांना हात लावू नये, हाताच्या तेलाने तो भाग काळा पडतो आणि त्यावर चुना धरत नाही. बाहेर पोकळ बांबूत मसाला लावलेली कोंबडी कोंबून, तोंड पानांनी बंद करून, निखाऱ्यावर भाजतात. तेल नसतं. आधी सांगून गुहेत जावं, म्हणजे बाहेर येईपर्यंत ताजी तयार असते. आधीच भाजून ठेवलेला बांबू पुन्हा गरम करून दिला तर कोंबडी चिवट लागते.

ज्यांच्याकडे एक पहाट जास्त आहे त्यांनी ती पाडेरूजवळच्या वंजंगीच्या डोंगराला द्यावी. रात्री गार हवा जड होऊन दरीत उतरते, तिथली वाफ धुकं बनते आणि वरचा उबदार थर झाकणासारखा बसतो, त्यामुळे धुकं दरीतच अडकून राहतं. माथ्यावरून ते पांढऱ्या समुद्रासारखं दिसतं. ऊन तापलं की संपलं. हे घडायला रात्र निरभ्र आणि वारा शांत लागतो. आदल्या संध्याकाळी आकाश ढगाळ असेल किंवा वारा सुटला असेल तर पहाटे साडेतीनला उठण्यात अर्थ नाही, झोपा आणि दिवसा कॉफीमळे बघा. पाडेरूत मुक्काम केला तरच हे सुखाने होतं. विशाखापट्टणमहून मध्यरात्री निघून जाणारे पुष्कळ आहेत, पण घाटात धुक्यातून, झोप नसलेल्या चालकाबरोबर जाणं मी कुणालाही सुचवणार नाही. गाडी जिथे थांबते तिथून पुढे चढ पायी आहे. टॉर्च, कानटोपी आणि पकड असलेले बूट लागतात. लंबसिंगी आणखी आत, चिंतपल्लीकडे आहे. तिथली थंडी प्रसिद्ध, पण वंजंगी आणि लंबसिंगी दोन्ही एकाच पहाटे होत नाहीत.

समुद्र

इथे सगळ्यात जास्त काळजी घ्यायची. कोकणात आपण भरती-ओहोटीची वेळ बघतो. मुंबईला मोठ्या भरतीत पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं. इथे जेमतेम दीड मीटर. त्यामुळे किनारा दिवसभर तसाच दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण इथला तळ लवकर खोल होतो, लाट अगदी काठाशी येऊन फुटते आणि ते पाणी परत जाताना वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या खोलगट वाटेने वेगात आत ओढतं. ही वाट ओळखता येते: दोन्ही बाजूंना लाटा पांढऱ्या फुटत असतात आणि मधला पट्टा गडद, शांत दिसतो. पोहायला सोपा वाटतो तोच पट्टा धोक्याचा. त्यात सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, दमछाक होते आणि माणूस बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाजूला निघावं आणि मग लाटांबरोबर आत यावं. पोहता येत नसेल तर गुडघ्यापलीकडे जाऊच नये.

शहरातला आरके (रामकृष्ण) बीच आणि यारडा इथे पाण्यात न उतरलेलंच बरं. पाण्यात खेळायचं असेल तर ऋषिकोंडा, आणि तिथेही जीवरक्षक असतील त्या भागात, त्यांनी खुणा केलेल्या हद्दीत. यारडा बघायला फार सुंदर आहे, डॉल्फिन्स नोजच्या डोंगरामागे लपलेला. तिथे जायचं तर जाऊन-येऊन रिक्षा ठरवा, परतताना वाहन मिळेलच असं नाही.

दुपारनंतरचा वेळ मी भीमिली रस्त्याला देईन. अडीच-तीनला निघून आधी तोटलकोंडा: समुद्रावरच्या टेकडीवर बौद्ध विहाराचे अवशेष, खडकात खोदलेली पाण्याची टाकी आणि समोर अख्खा किनारा. सावली नाही, पाणी बरोबर न्या. मग एर्र मट्टी दिब्बलु, तांबड्या वाळूच्या घळी. उतरत्या उन्हात त्यांचा रंग पेटतो. त्यांच्या कडा नुसत्या दाबलेल्या वाळूच्या आहेत, वर चढलं की ढासळतात. कडेवर उभं राहून फोटो काढणं त्या जागेच्याही आणि आपल्याही जिवावर बेततं. भीमिलीत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. गोस्तनी नदी समुद्राला मिळते ती जागा आणि जुनी डच दफनभूमी अर्ध्या तासात होते.

शहरातलं बाकीचं पटकन. 'कुरसुरा' ही पाणबुडी बीच रोडवर संग्रहालय म्हणून उभी आहे. २००१ मध्ये ती निवृत्त झाली. आतली वाट अरुंद आहे, पाठीवरची सॅक काढून हातात धरावी लागते. सोमवारी बंद. समोरच नौदलाचं जुनं टीयू-१४२ विमान आहे. कैलासगिरीची टेकडी संध्याकाळी. सिंहाचलम सकाळी लवकर, आठच्या आत पोचावं; नरसिंहाची मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असते आणि फक्त अक्षय्यतृतीयेला निजरूप दर्शन होतं, त्या दिवशी गर्दी अफाट. मासळी बंदरात साडेपाच-सहाला पोचा, जुनी चप्पल घाला, लिलावाच्या घोळक्यात मध्ये उभं राहू नका. १५ एप्रिल ते १४ जून पूर्व किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, त्या काळात बंदरही थंड आणि ताटातला मासाही बर्फातला. इतर वेळी वंजरम म्हणजे आपली सुरमई, चंदुवा म्हणजे पापलेट, रोय्यलु म्हणजे कोळंबी, एवढं लक्षात ठेवलं की हॉटेलात अडत नाही. तिखट कमी हवं असेल तर ऑर्डर देतानाच सांगा. आमटी-भाजी तयार झाल्यावर त्यात काही करता येत नाही. नौदलाच्या हद्दीत, बंदरात आणि विमानतळावर फोटो नकोत, ड्रोन तर घरीच ठेवा.

कपड्यांचं गणित दोन हवामानांचं आहे. डिसेंबर-जानेवारीत शहरात रात्री एक हलकं जाकीट पुरतं; अराकूत पारा दहाच्या खाली जातो आणि तिथल्या साध्या हॉटेलात पांघरूण पातळ असतं. एक चांगला स्वेटर आणि मोजे त्या छोट्या बॅगेत हवेतच. घाटात मोबाइलची रेंज जाते, तेव्हा रोख पैसे शहरातच काढून घ्या आणि टॅक्सीचालकाचा नंबर कागदावर लिहून ठेवा.

हे सगळं पहाटांवर मांडलं तर चार पहाटा पुरतात. पहिली समुद्र आणि बंदराला, दुपारी पाणबुडी. दुसरी अराकूच्या गाडीला. तिसरी अराकूतच, धुक्यातल्या कारळ्याच्या शेतांना, आणि मग रस्त्याने बोर्रा करत खाली. चौथी सिंहाचलमला, दुपारनंतर भीमिली. वंजंगी हवी तर पाचवी, आणि मग अराकूहून पाडेरूला जाऊन तिथे दुसरी रात्र. तीनच पहाटा असतील तर वंजंगी सोडा, सिंहाचलम परतीच्या दिवशी सकाळी घ्या, पण अराकूची रात्र तोडू नका. एका दिवसात जाऊन-येऊन केलेलं अराकू म्हणजे चार तास गाडी, चार तास टॅक्सी आणि मध्ये जेवण. परतीचं विमान किंवा गाडी अराकूहून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीचीच ठेवा. घाटात दरड आली किंवा मालगाडी अडकली तर तेवढी एक रात्र हाताशी लागते.